कॉइल घेण्याआधी अ‍ॅमीटरचा काटा बघा

तुमची पॉइंटवाली (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे धातूचे संपर्क असलेली) जुनी बुलेट ३५० थंड असताना एका किकमध्ये सुरू होते, पण गरम झाल्यावर बंद पडली की अर्धा तास हलत नाही, म्हणून दोघांनी तुम्हाला नवी कॉइल (स्पार्क प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) टाकायला सांगितलंय. मी म्हणेन, थांबा.

हेडलाइट बंद ठेवून चावी फिरवा आणि किक अगदी हळू दाबत अ‍ॅमीटरच्या (बॅटरीत करंट येतोय की जातोय ते दाखवणाऱ्या मीटरच्या) काट्याकडे बघा. पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. मध्यावरच राहिला तर पॉइंटवर तेल-घाण आहे, नाहीतर करंट तिथवर पोचतच नाहीये. झुकलेलाच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर (पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू न देणारा छोटा भाग) शॉर्ट आहे.

काटा नीट हलत असेल तरी कंडेन्सरवरचा संशय सोडू नका. माझ्या गाडीला हाच त्रास होता. संध्याकाळी झाकण काढून किक मारली तर पॉइंटमध्येच लख्ख निळी ठिणगी उडत होती. एका तोंडाला खड्डा, दुसऱ्याला बारीक टेंगूळ. कंडेन्सर बदलला, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून कोरड्या फडक्याने पुसले, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप ०.३८ मिमी ठेवला. तेव्हापासून गरम असतानाही पहिल्या-दुसऱ्या किकला घेते.

कंडेन्सर कॉइलपेक्षा खूप स्वस्त मिळतो, एक जास्तीचा टूलबॉक्समध्ये ठेवाच. गाडी गरम होऊन बंद पडली की तिथल्या तिथे लावून बघा. बसवताना खालचा गंज मात्र खरवडून काढा, कारण त्याला अर्थिंग त्याच्या बॉडीतूनच मिळतं.