कुतचा वेढा: शरणागती म्हणून झाकून ठेवायचा का?

खानापूरकर:
काल 'टिळकवाडी' यांनी लिहिलं, मराठा पलटणीच्या गोष्टी सांगताना दुसऱ्या महायुद्धातल्या केरेन, सेनियोच्या लढाया सांगा, पहिल्या महायुद्धातलं सहाव्या पूना डिव्हिजनचं कुत कशाला काढता, ती शरणागती. वाचून जेवण गेलं नाही. इराकातल्या कुतला तुर्कांचा वेढा, 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, जवळपास पाच महिने. 103, 110 आणि 117, आपल्या तीन मराठा पलटणी आत अडकलेल्या. माझे पणजोबा 110 मधले. बगदादकडे ढकललं जनरल निक्सननं, शरण गेला जनरल टाउनशेंड. बगदादजवळ टेसिफॉनच्या लढाईत साडेचार हजारांच्या आसपास मेले-जखमी झाले, उरलेले चालत कुतला आले आणि वेढ्यात सापडले. यात शिपायाचं काय चुकलं ते सांगा.

टिळकवाडी:
तुमच्या पणजोबांना मी एक शब्द बोललो नाही. मी पोरांना भरतीसाठी पहाटे पळवतो. त्यांना काय सांगू, तेरा हजारांनी हत्यारं टाकली म्हणून? 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनियो नदीवर नामदेव जाधवांनी दोन जखमींना पाण्यातनं, सुरुंगातनं उचलून आणलं आणि मग मशीनगनची ठाणी एकट्यानं गप्प केली. व्हिक्टोरिया क्रॉस. आठव्या डिव्हिजनचं ते सोनं हाय. 1914 ला बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरमधनं निघालेल्या पलटणींनीसुद्धा मान राखायला पाहिजे होता.

माजी हवालदार:
सेंटर बेळगावला आलं 1922 साली. 1914 ला इथनं कोण निघणार? आधी नीट वाचा.

टिळकवाडी:
बरं, सालात चुकलो. मुद्दा सुटत नाही.

येळ्ळूरची लेक:
मला उपाशी माणसांबद्दल बोलायचंय. घोडे, खेचरं कापून खायची पाळी आली, तेव्हा आपली पोरं खाईनात. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आली, तरी किती जण एप्रिलपर्यंत खाईनात. स्कर्व्हीनं, म्हणजे ताजी भाजी-फळं न मिळाल्यानं होणाऱ्या रोगानं, हिरड्या सडल्या. विमानातनं पोती टाकली, त्यानं काय होणार?

निपाणीकर:
हट्टानं मेले म्हणायचं. जीव मोठा की सोवळं?

येळ्ळूरची लेक:
हट्ट नव्हे हो काका! घोडा खाल्ला म्हणून गावात कळलं, तर बहिणीचं लग्न कोण करणार, ही भीती. माझ्या आजीच्या माहेरी कैदेतनं परत आलेला एक माणूस होता. भाऊबंदांनी कितीक वर्षं पंक्तीला वेगळं बसवलं त्याला. त्यानं खाल्लं की नाही, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

निपाणीकर:
आमच्या आजोळी उलट. पणजोबा उघड सांगायचे, खाल्लं म्हणून वाचलो. पंचांनी एक नारळ फोडून मिटवलं.

माजी हवालदार:
गावागणिक वेगळं. पण हट्ट म्हणू नका. फौजेत मीही तीन दिवस उपाशी काढलेत, पोट रिकामं असताना डोकं कसं चालतं ते ठाऊक आहे.

निपाणीकर:
'हट्ट' हा शब्द मागे घेतो. खरा राग दुसराच आहे. आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवर हाय, या गावातनं इतके महायुद्धावर गेले, इतके मेले. रंगरंगोटी करताना त्यावर चुना फासला. विचारायला गेलो तर 'ते इंग्रजांचं' म्हणून वाटेला लावलं.

टिळकवाडी:
इंग्रजांचंच होतं की. पगारासाठी गेले.

खानापूरकर:
पगारासाठी सेनियोलाही गेले होते! तिथं ते चालतं, कुतला चालत नाही? कैद्यांना वाळवंटातनं चालवलं, वाटेत माणसं पडत गेली. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला. आणि निपाणीकर, तुमच्या दगडावर नावं होती काय?

निपाणीकर:
नाही. नुसते आकडे.

खानापूरकर:
इराकात बसऱ्याला युद्धातल्या मृतांचं स्मारक आहे, त्यावरही तेच. गोऱ्यांची नावं, आपल्या सुभेदारांची नावं. साध्या शिपायांची पलटणीखाली नुसती संख्या. पणजोबा परत आले म्हणून मी त्यांचं नाव सांगतोय. जे आले नाहीत त्यांचं नाव कुठल्याच दगडावर नाही, आणि तुम्ही गोष्टीतनंही काढालाय.

टिळकवाडी:
हे मला माहीत नव्हतं. पोरांना सेनियो आधी सांगणार, त्यात बदल नाही. कुत नंतर सांगीन. तुम्ही या रविवारी मैदानावर, तुमच्या तोंडनं सांगा.

खानापूरकर:
येतो. 110 पासनं सुरू करीन.

निपाणीकर:
तोवर मी चुना खरवडतो. कुणी ब्रश आणि माणसं घेऊन येणार असेल तर सांगा.