बाबांच्या गोळ्या परवडेनात, एकच चिठ्ठी पण दर दुकानात वेगळं बिल, काय करावं?

कृष्णाकाठची_लेक

मंडळी सल्ला हवाय. आईबाबा मिरजेत असतात, मी पुण्यात नोकरीला. बाबा 71 वर्षांचे, साखर कारखान्यातून रिटायर, पेन्शन महिन्याला 2,700. शुगर पंधरा वर्षांपासून आहे, 2022 ला अँजिओप्लास्टी झाली, त्यामुळे शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, रक्त पातळ करायची असं सगळं मिळून आठ प्रकारच्या गोळ्या चालू आहेत. 2023 ला महिन्याचं बिल 4,100 च्या आसपास यायचं, आता 5,600 झालंय, आणि डोस तोच आहे, एक गोळी वाढलेली नाही.

मागच्या महिन्यात रिपोर्ट आला, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 7.2 वरून एकदम 9.1. डॉक्टर विचारतात पथ्य सुटलं का, बाबा खाली मान घालून गप्प. घरी आल्यावर मी गोळ्यांचा डबा उघडून मोजल्या तर शुगरची जी सगळ्यात महाग गोळी आहे तिच्या महिन्याच्या 30 पैकी 14 तशाच शिल्लक! एक दिवसाआड घेत होते. का म्हणून विचारलं तर म्हणाले तुझ्यावर किती भार टाकायचा. मला काय बोलावं तेच सुचेना.

मग मीच चिठ्ठी घेऊन फिरले. घराजवळच्या मेडिकलमध्ये 5,600, स्टँडजवळ 5,050, ऑनलाईन अ‍ॅपवर 4,700 पण त्यात दोन गोळ्या दुसऱ्याच कंपनीच्या दाखवत होते. जीएसटी कमी झाला म्हणतात तरी फार फरक जाणवला नाही. कुठल्या भावावर विश्वास ठेवायचा आणि स्वस्त कंपनीची गोळी दिली तर बाबांच्या हार्टला काही होणार नाही ना? महाग गोळीचं नाव एम्पाग्लिफ्लोझिन 25.

काउंटरमागून

ताई, कोल्हापूर भागात 22 वर्षं मेडिकल चालवतोय. आधी बाबांना सांगा त्यांचं काही चुकलं नाही, असे कितीतरी आजोबा माझ्याकडे येतात, "पंधरा दिवसाच्याच द्या" म्हणतात आणि त्याच महिनाभर पुरवतात. त्यांना रागावू नका.

आता मुद्द्याचं. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात मार्च 2025 मध्ये संपलं. तोवर एकाच कंपनीच्या मालकीचं औषध होतं म्हणून गोळी साधारण 60 रुपयाला पडायची. पेटंट संपल्याबरोबर आपल्याच देशातल्या कितीतरी कंपन्यांनी तोच कंटेंट, म्हणजे गोळीतलं मूळ औषध, काढला आणि आता कंपनी आणि पॉवरप्रमाणे साधारण 6 ते 15 रुपयात गोळी मिळते. पण बाबांच्या चिठ्ठीवर 2023 चं ब्रँडनाव असेल तर मेडिकलवाला तीच देणार, कारण चिठ्ठीवर लिहिलेला ब्रँड आम्हाला आमच्या मनाने बदलता येत नाही, कायद्यात ते बसत नाही. म्हणजे बाजारात भाव पडलाय आणि तुमच्या घरी अजून जुनाच भाव चालू आहे. बिलात ती एक गोळी बघा, 1,800 च्या आसपास तिचेच असतील. शुगरच्या बाकी नव्या गोळ्यांचंही असंच झालंय, विल्डाग्लिप्टिन 2019 ला मोकळी झाली, डापाग्लिफ्लोझिन 2020 ला, सिटाग्लिप्टिन 2022 ला, आणि दरवेळी भाव धाडकन खाली आले. ज्यांनी त्यानंतर चिठ्ठी नवी करून घेतली त्यांनाच त्याचा फायदा झाला.

भाव वाढतात कसे तेही सांगतो. सरकारची अत्यावश्यक औषधांची यादी आहे, त्यातल्या औषधांना कमाल किंमत ठरवून दिलेली असते आणि दर एप्रिलमध्ये घाऊक महागाईप्रमाणे ती वाढते. 2022 ला 10.77 टक्के आणि 2023 ला 12.12 टक्के अशी लागोपाठ दोन वर्षं मोठी वाढ झाली, 2024 ला जवळपास शून्य, 2025 ला 1.74. जी औषधं यादीत नाहीत त्यांची एमआरपी कंपनीला वर्षाला 10 टक्क्यापर्यंत वाढवता येते, आणि दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या कॉम्बिनेशनच्या गोळ्या बऱ्याचदा यादीबाहेर असतात. बाबांच्या चिठ्ठीत अशा किती आहेत बघा, बिल तिथेच हळूहळू फुगतं. जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवर 12 चा 5 झाला, म्हणजे शंभराच्या गोळीमागे सहाएक रुपये कमी, तो जुन्या वाढीत दिसत पण नाही.

दुकानादुकानात फरक का? एमआरपी छापलेली असते, त्यावर कोण 5 टक्के सोडतो कोण 15, एवढंच. तुलना करताना स्ट्रिपचा भाव बघू नका, कोणाची 10 ची असते, कोणाची 14 ची, कोणाची 15 ची. एका गोळीचा भाव काढा. आणि एनपीपीएचं, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं, फार्मा सही दाम नावाचं अ‍ॅप आहे, त्यात कंटेंट टाकला की यादीतल्या औषधाची कमाल किंमत आणि वेगवेगळ्या ब्रँडचे भाव दिसतात.

मी स्वतः विकतो तरी सांगतो, डॉक्टरांकडे फक्त "खर्च कमी करा" म्हणून जाऊ नका. आठही गोळ्यांची नावं, कंटेंट आणि महिन्याचे पैसे एका कागदावर लिहून तो त्यांच्या पुढ्यात ठेवा. चिठ्ठी लिहिताना कुठली गोळी पेशंटला केवढ्याला पडते हे बहुतेक डॉक्टरांना खरंच माहीत नसतं.

आत्या_साताऱ्याची

स्नेहाने लिहितेय बाळा, तुझी पोस्ट वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या ह्यांचं पण बीपी-शुगर आहे, गेली सहा वर्षं आम्ही जनऔषधी केंद्रातून, म्हणजे सरकारी योजनेच्या स्वस्त औषधांच्या दुकानातून, आणतो, 2,300 चं बिल 600 च्या आत आलं आणि रिपोर्ट अगदी नॉर्मल आहेत. सुरुवातीला मलाही भीती वाटायची, स्वस्त म्हणजे हलकं असं मनात बसलेलं असतं ना आपल्या. आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं की बदलून बघा, महिनाभर घरी बीपी वहीत लिहा आणि मग रक्त तपासू. तसंच केलं म्हणून धीर आला. तिथलं एकच वाईट म्हणजे कधीकधी गोळी संपलेली असते, म्हणून मी दहा दिवस आधीच जाते, आणि जनऔषधी सुगम म्हणून अ‍ॅप आहे त्यात जवळचं केंद्र आणि भाव कळतो, माझ्या नातीने घालून दिलंय.

आणि अजून एक, आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीची आणि मेटफॉर्मिनसारखी साधी शुगरची गोळी फुकट मिळते. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचे पण पैसे घेत नाहीत. लोकांना तिथे जायला कमीपणा वाटतो, मला अजिबात वाटत नाही, आपलाच दवाखाना आहे.

डोंबिवली_फास्ट

माझा अनुभव थोडा वेगळा आहे पण लिहितो. आईला न्यूमोनियाने अ‍ॅडमिट केलं होतं तेव्हा हॉस्पिटलच्या आतल्याच मेडिकलमधून एक अँटिबायोटिक इंजेक्शन छापील किमतीला देत होते, दिवसाला तीन. चौथ्या दिवशी भावाने बाहेर चौकशी केली तर त्याच कंटेंटचं दुसऱ्या चांगल्या कंपनीचं निम्म्याहून कमी पैशात मिळालं. आतूनच घ्या अशी सक्ती कोणालाच करता येत नाही, पक्कं बिल घ्यायचं, बॅच नंबर दाखवायचा आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला विचारून बाहेरचं द्यायचं. पण त्या वेळी आपण इतके घाबरलेले असतो की विचारायची हिंमतच होत नाही, तीन दिवसाचे पैसे आमचे गेलेच. त्यामुळे घरातल्या एकाने तरी फक्त बिलं बघायचं काम घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

कृष्णाकाठची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार. काउंटरमागून दादा, पेटंटचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, दीड वर्षं आम्ही उगाच तेवढे पैसे भरले. एक विचारायचं राहिलं, आईची थायरॉईडची गोळी पण स्वस्तातली घेतली तर चालेल का? आणि बाबांचं सगळं एकदमच बदलू का?

काउंटरमागून

एकदम नको. एक-दोन गोळ्या बदला, महिनाभर बघा, मग पुढच्या. सगळं एकाच वेळी बदललं आणि काही वाटलं तर कशामुळे ते कळणार नाही. अँजिओप्लास्टीनंतरची रक्त पातळ करायची गोळी तर डॉक्टरांच्या शब्दाशिवाय एक दिवससुद्धा चुकवायची नाही, बदल करायचा असेल तर नवी हातात आल्याशिवाय जुनी बंद करायची नाही.

थायरॉईडच्या बाबतीत थांबा. ती गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, थोड्या फरकानेही टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) हलतो. तशीही ती स्वस्तच असते, तिथे वाचवण्यासारखं फार काही नाही. जी कंपनी चालू आहे तीच ठेवा, आणि कधी बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या. फिट्सच्या गोळ्या आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) बघून द्यायची रक्त पातळ करायची औषधं यांनाही हाच नियम, इथे कोणाच्या घरी चालू असतील म्हणून लिहितोय.

कृष्णाकाठची_लेक

अपडेट देते. शनिवारी मिरजेला जाऊन कागद करून डॉक्टरांकडे नेला. त्यांनी पाच मिनिटं शांतपणे वाचला आणि म्हणाले एवढं बिल होतंय हे आधी सांगायचं ना. एम्पाग्लिफ्लोझिन दुसऱ्या कंपनीची लिहून दिली, गोळी 11 रुपयाला पडली. एक ॲसिडिटीची गोळी अँजिओप्लास्टीच्या वेळेपासून नुसतीच चालू होती, ती आता गरजेची नाही म्हणून बंद केली. बीपीची कॉम्बिनेशन गोळी तूर्त तशीच ठेवलीय, ती पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. या महिन्याचं बिल 3,850 आलं.

बाबांना मी दुकानातून परत येताना रिक्षातच बिल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली, मग म्हणाले आता रोज घेतो. आईने सात खणांचा डबा आणलाय, रविवारी ती भरते आणि रात्री मला व्हिडिओ कॉलवर रिकामा खण दाखवते. एचबीए1सी तीन महिन्यांनी करायला सांगितलंय, आला की इथेच टाकते.