न बोलणाऱ्या लेकराला व्हिटॅमिन देताय? मग डॉक्टरांपासून लपवू नका

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)
माझा मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे. कळतं त्याला सगळं. "आबांची चप्पल आण" म्हटलं की बरोबर आबांचीच आणतो. पण बोलताना बारा-पंधरा शब्द, आणि तेही दर वेळी वेगळे. पाण्याला सकाळी "पापी", दुपारी "आनी", रात्री नुसतं "आ". बेरा टेस्ट झाली, ऐकू नीट येतं. नागपूरच्या स्पीच थेरपिस्टनी सांगितलं की हा ॲप्रॅक्सिया दिसतो. जीभ-ओठ अशक्त नाहीत, काय बोलायचं तेही त्याला ठाऊक असतं, पण शब्द काढायला जी हालचाल जुळवावी लागते तिची आखणी मेंदूत विस्कटते.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माशाचं तेल आणि व्हिटॅमिन ई यांचं खूप चालू असतं. मी सहा आठवडे दिलं. ईची ४०० मिलिग्रॅमची मोठ्यांची कॅप्सूल टाचणीने टोचायची, अंदाजाने अर्धी वरणात पिळायची. अर्धी म्हणजे नेमकी किती, ते मलाही सांगता येत नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण आधी एकदा एका टॉनिकबद्दल विचारलं तर "मग तुम्हीच डॉक्टर व्हा" असं ऐकून घ्यावं लागलं होतं.

दिवाळीनंतर त्याला तीन दिवस जुलाब लागले. दवाखान्यात विचारलं, "काही औषध चालू आहे का?" सासूबाई शेजारी उभ्या होत्या. मी "नाही" म्हणाले. घरी येऊन सगळ्या बाटल्या ओट्यावर ओळीने मांडल्या. मल्टिव्हिटॅमिनचं सिरप, माशाचं तेल, ईची पाकिटं, डीचे थेंब, आशाताईंनी दिलेलं लोहाचं सिरप. पाच. त्यातल्या तिघांत व्हिटॅमिन डी होतं. मला ते तोवर माहीतच नव्हतं, आणि डॉक्टरांनाही नव्हतं, कारण मीच खोटं बोलले होते.

माझं स्पष्ट मत आहे: द्यायचं की नाही ही पुढची गोष्ट, पण जे पोटात जातंय ते सगळं डॉक्टरांसमोर ठेवायलाच हवं. आणि डॉक्टरांनीही न ओरडता ऐकून घ्यायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

वर्धाकाठ
ताई, मी उलट बोलतो, राग मानू नका. माझी पोरगी साडेचार वर्षांची. तिलेही हेच निदान. तीन महिने झाले, माशाचं तेल चालू आहे. पहिल्या महिन्यातच "बा" म्हणाली. मी बैलाले पाणी दाखवून राहिलो होतो, मागून आवाज आला. बादली तिथंच टाकली मी. चार वर्षं त्या एका शब्दाची वाट पाहिली होती.

डॉक्टरले विचारून काय होते? आमचा नंबर चौसष्टावा होता. दोन मिनिटं. नाव, वजन, "बोलेल हळूहळू", पुढचा. त्या दोन मिनिटांत मी काय काय सांगू? आणि हे काही गावठी खूळ नाही. अमेरिकेत २००९ मध्ये डॉक्टरांनीच लेख छापला, १८७ मुलांना ई आणि माशाच्या तेलात असते ते ओमेगा-३ दिलं, १८१ घरांनी मोठा फरक पडला म्हणून सांगितलं. तेल आहे, जहर नाही. विचारत बसलो असतो तर "बा" ऐकलं नसतं.

ध्वनी (स्पीच थेरपिस्ट)
वर्धाकाठ, तो "बा" खरा आहे आणि तो तुमच्याकडून कोणी काढून घेत नाही. पण त्या लेखाबद्दल बोलायला हवं, कारण माझ्याकडे येणारे कितीतरी पालक त्याचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन येतात.

आकडे तुम्ही बरोबर दिलेत. पण त्या १८७ मुलांच्या बाजूला, ज्यांना काहीच दिलं नाही किंवा नुसतं साधं तेल दिलं, असा दुसरा गट नव्हता. फरक पडला हे पालकांनी सांगितलं, आणि आपण मुलाला काय देतोय हे त्यांना माहीत होतं. साडेतीन-चार वर्षांचं लेकरू तीन महिन्यांत तसंही पुढे सरकतं. म्हणून त्या लेखातून "याचा नीट अभ्यास व्हावा" इतकंच निघतं, "हे औषध आहे" असं निघत नाही. ॲप्रॅक्सियात हातात आहे ते वारंवार, थोडं थोडं, समोरासमोर बसून करून घ्यायचं काम. "बा" शंभर वेळा, मग "बाबा", मग "बाबा ये".

एक विचारते. तेल सुरू केलं त्याच महिन्यात थेरपीही सुरू झाली होती का?

वर्धाकाठ
हो. वर्ध्याले आठवड्यातून दोनदा नेत होतो, एसटीनं. पण मग तेलानं नाही झालं हेही तुम्ही कशावरून म्हणता?

ध्वनी
म्हणत नाहीच. दोन्ही एकदम सुरू झालं की कशाने झालं हे तुम्हालाही कळत नाही, मलाही नाही. डॉक्टरांना आधी सांगितलं असतं तर एक सुरू करून महिना-दोन महिने शब्द लिहून ठेवता आले असते, मग दुसरं. निदान तुम्हाला तरी खात्रीने कळलं असतं, आणि उद्या खर्च कशावर करायचा ते ठरवता आलं असतं.

काउंटरमागून (मेडिकल स्टोअर, वाशिम)
मी दुकानात रोज पाहतो ते लिहितो. व्हिटॅमिन डीचे थेंब एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिटचेही येतात आणि ८०० चेही. खोकी जवळपास सारखीच. कोणी ड्रॉपरने एक मिलिलिटर देतं, कोणी "एक थेंब" समजून एकच थेंब देतं. आणि ६० हजार युनिटची पावडरची पुडी! ती मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा लिहून दिलेली असते. आमच्याकडे एक आई आली, घरातली आजीची पुडी लेकराला रोज दुधातून चालू होती, कारण "हाडं मजबूत होतात, ताकद येते, ताकद आली की बोलेल." पाचव्या दिवशी ती सहज बोलली म्हणून कळलं. तिथूनच मी तिला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. जास्तीचं सी बरंचसं लघवीतून निघून जातं, पण ए, डी, ई आणि के शरीरात साठतात. डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला त्रास होतो. म्हणून "तेल आहे, जहर नाही" हे वाक्य मला पटत नाही, भाऊ.

साधं सरळ
तुम्ही सगळे बाटल्यांभोवतीच फिरत आहात. आमच्या घरात जवसाची चटणी, कढीपत्ता, अंडी, शेवग्याच्या शेंगा. त्यातच सगळं आहे. ना बाटली पाहिजे, ना बाटलीसाठी डॉक्टर. माझे काका सहाव्या वर्षी बोलायला लागले, पुढे ग्रामसेवक झाले. लेकराला वेळ द्या.

ध्वनी
जेवणाबद्दल शंभर टक्के मान्य. पण "वेळ द्या" याला माझा विरोध आहे, आणि तो मी ठासून लिहिते. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर थांबू नका, आधी कान तपासा. वाट पाहण्यात गेलेली तीन वर्षं आम्हाला परत मिळवता येत नाहीत. जवसाचंही एक सांगते. त्यात ओमेगा-३ आहे, पण माशातलं वेगळं. जवसातल्याचं शरीरात फार थोडं रूपांतर होतं. चटणी म्हणून जरूर खा, औषध म्हणून हिशेबात धरू नका.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी (गोंदिया)
पहिल्या पोस्टमधलं "तुम्हीच डॉक्टर व्हा" वाचून वाईट वाटलं. आम्ही ओरडतो, हे खरं आहे. सकाळच्या ओपीडीत शंभरावर माणसं असली की आवाज चढतो. पण आईला गप्प केलं की तपासणी तिथेच अर्धी राहते, हे मला नोकरीच्या फार उशिरा कळलं.

आता आम्हाला ते का कळायला हवं, ते सांगतो. बोलण्याच्या त्रासासोबत काही मुलांना झटकेही येतात. त्यांना झटक्यांचं औषध फेनिटॉइन चालू असेल आणि घरून फॉलिक ॲसिड असलेलं टॉनिक भरपूर जात असेल, तर रक्तातलं फेनिटॉइन कमी होऊ शकतं आणि थांबलेले झटके परत येऊ शकतात. मग आम्ही डोस वाढवतो, कारण टॉनिकचं कोणी सांगितलेलंच नसतं. दुसरं आपल्या भागातलं. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्या मुलांना फॉलिक ॲसिड आम्हीच देतो, पण वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असतं. त्याला "अंगात रक्त नाही" म्हणून लोहाचं टॉनिक पाजणं घातक. आणि ई जास्त झालं तर रक्त गोठायला अडथळा येतो. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी पूरक ईची वरची मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅम धरतात. पऱ्हाटीताई, तुमची ती एक कॅप्सूल ४०० ची होती.

पण बाटल्यांच्या विरोधात बोलणाऱ्यांनाही सांगतो, व्हिटॅमिन कधी कधी खरोखरच औषध असतं. आईच्याच अंगात बी-१२ नसेल आणि लेकरू वर्ष-दीड वर्ष निव्वळ तिच्या दुधावर असेल, तर ते शिकलेलं विसरायला लागतं, हसणं-बघणं कमी होतं, हात थरथरतात. तिथे बी-१२ ची इंजेक्शनं लागतात, आणि लवकर लागतात. जवसाच्या चटणीत बी-१२ नसतं. कमतरता आहे का ते तपासूनच कळतं. म्हणून डॉक्टरांना "हे देऊ का?" एवढंच विचारू नका. "याच्यात कशाची कमी आहे का ते बघता का?" असं विचारा. त्या प्रश्नावर कोणी सहसा ओरडत नाही.

आशाताई (अमरावती, मेळघाटालगत)
डॉक्टर साहेब, तुमचं बरोबर. पण बाई खोटं काहून बोलते तेही पाहा. घरात सासू म्हणते पैसे उडवले, नवरा म्हणते मोबाईल पाहून डॉक्टरकी करते. अंगणवाडीतून सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस जातो, पाच वर्षांपर्यंत. मी लोहाचं सिरप देते, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. फेब्रुवारीत जंताची गोळी. हे सगळं माता-बाल कार्डावर आणि आमच्या रजिस्टरमध्ये असते, पण खाजगी दवाखान्यात जाताना कार्ड घरीच राह्यते. कार्ड न्या बापा. आणि शाळा-अंगणवाडी तपासणीचं आरबीएसकेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. लेकरू बोलत नाही हे त्यांच्या यादीतच आहे. ते जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर पाहतात तिथं, पाठवतात, तपासणी फुकट. गावातल्या कितीतरी मायांना हे ठाऊकच नसते.

वर्धाकाठ
आशाताईंचं वाचून रात्रीच उठलो आणि बाटली पाहिली. पुढून मोठं "ओमेगा" लिहिलं आहे. मागं बारीक अक्षरात कॉड लिव्हर ऑइल. म्हणजे त्यात अ आणि डी दोन्ही आहेच ना? आणि पोरीले मागच्याच महिन्यात अंगणवाडीत अ चा डोस पाजला. बायको म्हणाली, कार्डावर लिहिलं आहे.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी (गोंदिया)
होय, कॉड लिव्हर म्हणजे माशाच्या यकृताचं तेल, त्यात दोन्ही असतात. घाबरू नका. किती चमचे, रोज किती, किती दिवस, एवढं लिहा. डोकं दुखतं का, उलट्या, भूक गेली का, त्वचा कोरडी पडली का, तेही लिहा. डॉक्टरांना दाखवेपर्यंत ती बाटली बाजूला ठेवा.

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)
मी काय केलं ते सांगते. गेल्या बुधवारी पाचही बाटल्या बाजारच्या पिशवीत घालून नेल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. माझ्याच्याने आधी बोलवेना, म्हणून वहीच्या कागदावर लिहून नेलं होतं: "मी मागच्या वेळी नाही म्हणाले, ते खोटं होतं." त्यांनी कागद वाचला, खुर्ची पुढे ओढली, एकेक बाटली फिरवून पाहिली. दोन बंद केल्या, ई आणि वेगळे डीचे थेंब. लोह चालू ठेवलं. माशाच्या तेलाबद्दल म्हणाले, "खात्रीचा फायदा मी सांगू शकत नाही. हवं असेल तर एवढ्या मापाने तीन महिने द्या, जुलाब झाले की थांबवा, आणि शब्द लिहून आणा." रक्त तपासायला दिलं आहे. एकूण सात-आठ मिनिटं लागली असतील.

वर्धाकाठ
ताई, तो कागद काय लिहून नेला होता ते पूर्ण टाकाल का इथं? मी तेल सोडणार नाही, ते आधीच सांगतो, मले अजूनही वाटते की त्यानं झालं. पण सोमवारी पोरीले घेऊन जातो. बाटली, कार्ड, आणि घरातला तोच चमचा, ज्यानं देतो तो. किती मिलिलिटरचा आहे तो, तेच मले माहीत नाही.