निरनिराळ्या कंपन्यांचे ११ कॅमेरे, रेकॉर्डिंग मात्र एकाच ठिकाणी हवे: कमी खर्चाचे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

सोसायटी_सचिव (नाशिक)

नमस्कार. २४ सदनिकांच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव या नात्याने हा प्रश्न विचारत आहे. संस्थेत एकूण ११ कॅमेरे आहेत, पण ते एका वेळी घेतलेले नाहीत. २०१८ साली बसवलेले ४ कॅमेरे कोॲक्सियल केबलवरचे असून ते पहारेकऱ्याच्या खोलीतील डीव्हीआरला (चित्रण साठवणाऱ्या यंत्राला) जोडलेले आहेत. पुढे वाहनतळासाठी सीपी प्लसचे ३ आणि हिकव्हिजनचे २ आयपी (नेटवर्कवरून चित्र देणारे) कॅमेरे आले. गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांपाशी टापोचे २ वायफाय कॅमेरे एका सभासदाने स्वखर्चाने लावून दिले. प्रत्येकाचे ॲप वेगळे आणि पासवर्डही वेगळे.

गेल्या महिन्यात वाहनतळातून एक दुचाकी चोरीला गेली, तेव्हा या व्यवस्थेतील सगळ्या उणिवा एकदम समोर आल्या. डीव्हीआरचे घड्याळ ४० मिनिटे पुढे असल्यामुळे आम्ही आधी भलत्याच वेळेचे चित्रण तपासत बसलो. अखेर योग्य भाग सापडला, तो पेन ड्राइव्हवर घेऊन पोलीस ठाण्यात दिला, पण ती फाइल तिथल्या संगणकावर उघडलीच नाही. तंत्रज्ञ दोन दिवसांनी आला, तोवर त्या चित्रणावर नवे चित्रण चढले होते. ज्यांची गाडी गेली ते गृहस्थ रोज सकाळी मला जिन्यात भेटतात, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

संस्थेच्या कार्यालयात चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असलेला जुना संगणक पडून आहे. हार्ड डिस्क धरून २०,००० रुपयांपर्यंत खर्चाला समितीची मंजुरी आहे. सर्व कॅमेरे एकत्र रेकॉर्ड करील असे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

नेटवर्क_तंत्रज्ञ (पुणे)

सॉफ्टवेअर कोणते, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. प्रत्येक कॅमेरा आपले चित्र कंपनीच्या ॲपबाहेर द्यायला तयार आहे का, हे आधी पाहा. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेले ऑनव्हिफ हे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत म्हणून केलेले मानक याच अडचणीसाठी आहे, पण केवळ खोक्यावरच्या शिक्क्यावर विसंबू नका. संगणकावर व्हीएलसी हे व्हिडिओ दाखवणारे सॉफ्टवेअर उघडा, ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’मध्ये कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता (ज्यावरून त्याचे थेट चित्र मिळते तो) टाका, ज्याचे पोर्ट बहुधा ५५४ असते, आणि चित्र दहा मिनिटे न अडखळता चालते का ते पाहा. जो कॅमेरा तिथे नीट दिसतो, तो जवळपास कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये चालेल. जो तिथे दिसत नाही, त्याच्यापुढे महागड्या सॉफ्टवेअरचाही सहसा निभाव लागत नाही.

आपल्या यादीपुरते सांगतो. हिकव्हिजनच्या अलीकडच्या कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ मुळात बंद असते. ते सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावे लागते आणि त्यासाठी वेगळा वापरकर्ता तयार करावा लागतो. टापोच्या ॲपमध्ये ‘कॅमेरा अकाउंट’ नावाची सोय आहे, तिथे नाव आणि पासवर्ड ठरवल्याशिवाय आरटीएसपी मिळत नाही. जुना डीव्हीआर मात्र भंगारात काढू नका. त्याला नेटवर्क पोर्ट असेल, तर त्याच्या चारही चॅनेलचे चित्र बहुधा आरटीएसपीवर स्वतंत्रपणे मिळेल. म्हणजे केबलवरचे कॅमेरे न बदलता ते नव्या व्यवस्थेत येतील आणि खर्चाचा मोठा भाग वाचेल.

एक गोष्ट आवर्जून करा. चित्र आवळून लहान करणारी एच.२६५+ किंवा ‘स्मार्ट कोडेक’ अशा नावाची जी सुविधा असेल, ती प्रत्येक कॅमेऱ्यात बंद करा. ती जागा वाचवते, पण पूर्ण चित्र फार क्वचित पाठवून मधल्या काळात फक्त बदल पाठवते. त्यामुळे हवा तो प्रसंग उघडला की पहिले काही सेकंद राखाडी, फासल्यासारखे चित्र दिसते आणि चोर नेमका त्याच सेकंदांत फाटकाबाहेर पडलेला असतो.

लिनक्स_वापरकर्ता (छत्रपती संभाजीनगर)

आपला संगणक रेकॉर्डिंगला पुरेसा आहे, फक्त त्याच्याकडून चित्राचे रूपांतर करून घेऊ नका. कॅमेऱ्याकडून आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवला, तर प्रोसेसरवर जवळजवळ भार येत नाही. तोच प्रवाह उलगडून पुन्हा आवळायला लावला, तर ११ कॅमेऱ्यांत हा संगणक गुदमरेल. चौथ्या पिढीच्या आय-५ मध्ये एच.२६५ (चित्र आवळण्याची नवी पद्धत; एच.२६४ ही तिच्याआधीची) उलगडण्याची हार्डवेअरमधील सोयही नाही. म्हणून मुख्य प्रवाह एच.२६५ ठेवून तो न उलगडता साठवा, आणि हालचाल ओळखण्यासाठी कमी आकाराचा दुय्यम प्रवाह एच.२६४ मध्ये द्या.

माझी शिफारस फ्रिगेटची आहे. ते मुक्त स्रोत आहे, डेबियन या लिनक्स प्रणालीवर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवण्याच्या सोयीत) चालते आणि परवान्याचा खर्च नाही. त्यात गो-टू-आरटीसी हे प्रवाह वाटून देणारे साधन अंतर्भूत असल्यामुळे कॅमेऱ्याकडे एकच जोडणी जाते आणि तोच प्रवाह पाहणे व साठवणे या दोन्हींसाठी वाटून वापरता येतो. एका वेळी मोजक्याच जोडण्या झेपणाऱ्या वायफाय कॅमेऱ्यांसाठी ही सोय फार उपयोगाची आहे. माणूस किंवा वाहन ओळखण्याची सुविधा या संगणकावर सुरुवातीला बंद ठेवा. पुढे गरज वाटली तर गूगल कोरलसारखे, ओळखण्याचे काम स्वतःवर घेणारे उपकरण जोडण्याचा विचार करता येईल.

डिस्कचा हिशेब असा आहे. सरासरी २ मेगाबिट प्रतिसेकंद धरल्यास एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी जागा घेतो. ११ कॅमेऱ्यांचे सुमारे २३८ जीबी होतात. ४ टीबीच्या डिस्कवर १५ दिवस बसतात आणि थोडी जागा उरते. संपूर्ण महिन्यासाठी ८ टीबी लागेल. चित्रणासाठीच बनवलेली डिस्क घ्या, उदाहरणार्थ डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. फ्रिगेट चित्रण दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत साठवते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी नुकसान शेवटच्या तुकड्यापुरतेच राहते. तरीही यूपीएस हवाच, आणि वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होईल अशी बायोसमधील (संगणकाच्या मूळ सेटिंगमधील) नोंद आजच करून ठेवा.

निवृत्त_अभियंता (ठाणे)

वरील तांत्रिक सल्ल्याशी मी सहमत आहे, निवडीशी नाही. संस्थेची समिती बदलते आणि लिनक्स जाणणारा सभासद बदली होऊन जातो. मग रात्री दोन वाजता चित्रण कोण काढून देणार? आमच्या संस्थेत हेच घडले. उत्तम व्यवस्था उभी राहिली आणि ती उभारणारा मुलगा बंगळुरूला गेल्यावर वर्षभर कोणी तिला हात लावला नाही. विंडोजवर चालणारे एजंट डीव्हीआर पाहा: खासगी वापरासाठी इमारतीतल्या इमारतीत ते मोफत वापरता येते, बाहेरून पाहण्याच्या सोयीसाठी मात्र वर्गणी पडते. ब्लू आयरिस या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना सशुल्क आहे, पण तो ६४ कॅमेऱ्यांपर्यंत चालतो आणि प्रवाह थेट डिस्कवर उतरवण्याची सोय त्यातही आहे. ऑनव्हिफ मानणारा तयार एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) हाही पर्याय आहे, पण दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याकडून त्याला बहुतेकदा केवळ चित्र मिळते, हालचालीच्या सूचना मिळतीलच असे नाही.

यांपैकी काहीही घेतले तरी राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडून कॅमेरे थेट इंटरनेटवर आणू नका. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्याच बळावर इंटरनेटवरील मोठमोठ्या सेवा बंद पाडल्या. बाहेरून पाहायचेच असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केल यांसारखी सुरक्षित खासगी जोडणी (व्हीपीएन) वापरावी.

वकील_मराठवाडा

चित्रण पोलिसांना द्यायचे आहे, म्हणून एवढेच लिहितो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग यंत्रणेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, व त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलमधील मजकुरावरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) नोंदवायचे असते. आधीच्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक याचिकेवरून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात ठामपणे सांगितली होती, आणि तिथेही वाद कॅमेऱ्याच्या चित्रणाचाच होता. तेव्हा साधी एमपी४ फाइल बाहेर काढून देणारे सॉफ्टवेअर निवडा, फाइल काढल्याबरोबर तिचे एसएचए-२५६ पद्धतीचे हॅश मूल्य काढून लिहून ठेवा, आणि मूळ डिस्कवरील तो भाग पुसला जाणार नाही अशी तजवीज करा.

सोसायटी_सचिव (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी दुपारभर व्हीएलसी घेऊन बसलो. डीव्हीआरचे चारही चॅनेल दिसले आणि पाचही आयपी कॅमेरे दिसले. टापोचा एक कॅमेरा चालला; दुसरा दर काही मिनिटांनी थांबतो, कारण टाकीमागे वायफाय पोचत नाही. तो तूर्त त्याच्याच मेमरी कार्डावर रेकॉर्ड करू द्यायचे ठरवले आहे.

नंतर मोबाइलवर सेकंदासह घड्याळ लावून तो प्रत्येक कॅमेऱ्यासमोर धरला आणि चित्रावरची वेळ वहीत लिहून घेतली. डीव्हीआर ४० मिनिटे पुढे होताच, शिवाय दोन आयपी कॅमेरे बरोबर साडेपाच तास मागे निघाले. त्यांच्यात भारताचा वेळविभाग कधी भरलाच गेला नव्हता, आणि ते दोन्ही वाहनतळाच्या फाटकाकडे तोंड करून आहेत. आता सर्वांना एकाच एनटीपी सर्व्हरवरून (नेटवर्कवर अचूक वेळ पुरवणाऱ्या संगणकावरून) वेळ मिळते.

निवृत्त अभियंत्यांचा मुद्दा समितीला पटला. जुना डीव्हीआर चालू ठेवून शेजारी एजंट डीव्हीआर महिनाभर चालवणार आहोत. ४ टीबीची डिस्क मागवली आहे. चित्रण शोधून पेन ड्राइव्हवर काढण्याची कृती मराठीत लिहून पहारेकऱ्याच्या खोलीत लावली आहे, आणि रविवारी दोन्ही पहारेकऱ्यांकडून ती माझ्यासमोर करून घेणार आहे. एक शंका उरते: हॅश मूल्य काढण्यासाठी विंडोजमध्ये वेगळे सॉफ्टवेअर लागते का?

लिनक्स_वापरकर्ता (छत्रपती संभाजीनगर)

नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा आधीपासूनच असते. तिला ‘हॅशफाइल’ हा पर्याय, फाइलचे नाव आणि एसएचए-२५६ एवढे दिले की मूल्य मिळते. तेही त्या कागदावर लिहा.