प्रार्थनेला बसलो की शब्दच फुटत नाहीत, विश्वास संपला म्हणायचा का?

खानापूरचा_भाऊ:
सलाम सगळ्यांना. यंदा पावसाळ्यात धाकटा भाऊ गेला आमचा. तेव्हापासनं आई दोन घास खाती आणि ताट सरकवती, मला रात्रभर झोप नाही, सकाळ झाली की वाटतंय उठूच नये. गुडघे टेकतो, नुसतं ‘प्रभू’ म्हणतो, पुढं काही सुचतच नाही. चर्चच्या मंडळीतले एक जण म्हणाले डॉक्टरकडं जाणं म्हणजे विश्वास कमी पडला. खरंच तसं असतंय का?

कॅम्पातली_मावशी:
बाळा, नुसतं ‘प्रभू’ म्हणालास ना, तीच प्रार्थना झाली की. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो, काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी विनवणी करतो. आमचे हे गेले तेव्हा लोक येऊन आनंद करा म्हणायचे, मला ते सोसायचं नाही, मी 88वं स्तोत्र काढून मोठ्यानं वाचायची, त्यात शेवटपर्यंत अंधारच आहे, दिलासा म्हणून एक ओळ नाही आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे! म्हणजे देवापुढं असंही रडता येतं. तू पण वाच, दार लावून रड.
आणि 1 राजे या पुस्तकाचा 19वा अध्याय बघ. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणतो, देवा आता पुरे, माझा जीव घे. देवदूत त्याला रागावला नाही, उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगराला जायचं ते त्यानंतर. आईला पण आधी पेज कर, जवळ बसून चमच्यानं भरव.

निपाणीची_सिस्टर:
भाऊ, एक सरळ विचारते. उठूच नये म्हणजे जीव द्यावा असं मनात येतंय का? येत असेल तर आज एकटं झोपू नका, घरात कुणाला तरी सांगा आणि आत्ताच 14416 ला फोन लावा, टेली मानस म्हणून सरकारी लाइन आहे, फुकट, रात्री-अपरात्री पण चालू असती, मराठीत बोलता येतं. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे. विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांना पौलाचं कलस्सैकरांस पत्र 4:14 दाखवा, पौलाच्या सोबतचा लूक वैद्यच होता. मी वॉर्डात गोळ्या पण देते आणि पेशंटसाठी प्रार्थना पण करते, दोन्ही देवाचंच काम.

चिकोडीकर:
पाळकसाहेबांना हे सगळं जसंच्या तसं सांग. उपासनेला जाववत नसेल तर घरी या म्हण, येतील. भावाबद्दल बोलू द्या आईला, विषय बदलू नका.

खानापूरचा_भाऊ:
सिस्टर, येतंय मनात, खोटं कशाला बोलू. फोन लावलाय, मराठीतच बोलले. आज चुलतभाऊ झोपायला येतोय. मावशी, 88वं स्तोत्र आईपाशी बसून वाचलं, दोघंही लई रडलो.