उत्तर: पाचवीच्या मुलांना ग्रामपंचायत कशी शिकवावी?

73व्या घटनादुरुस्तीपासून (पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी) सुरुवात करा असं वर कुणीतरी सुचवलंय. पाचवीची पोरं दुसऱ्या मिनिटाला जांभया देतील हो! त्यापेक्षा त्यांना घरातली घरपट्टीची पावती आणायला सांगा. त्यावर घरपट्टीखाली दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी असे वेगवेगळे रकाने असतात. मग विचारा, कोपऱ्यावरचा दिवा बंद पडला तर सांगायचं कुणाला? आमदाराला नाही, ग्रामपंचायतीला. ग्रामपंचायत अधिकारी (2024 पर्यंतचा ग्रामसेवक) सरकारी नोकर आणि सरपंच निवडून आलेला, हा फरकही सांगाच. तिथे मोठ्यांचाही घोळ होतो. ग्रामसभा, म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा, वर्षातून किमान चार. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यातला कमी आकडा लागतो. 15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर बऱ्याच गावांत ग्रामसभा असते, पोरांना मागे बसू द्या.