लकव्यानंतरचं रडू आणि हसू

लकव्यानंतर वडील बातम्या बघतानाही हुंदके देतात आणि परवा सांत्वनाला गेल्यावर हसत सुटले, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून त्यांना 'मन घट्ट करा' म्हणू नका. भावना व्यक्त होण्यावर ताबा ठेवणाऱ्या मेंदूतल्या मार्गांना इजा झाली की असं होतं. डॉक्टर त्याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. उमाळा थोडाच वेळ टिकतो, आत तेवढं दुःख असेलच असं नाही. नैराश्यात उदासी दिवसेंदिवस राहते, झोप-भूक बिघडते. दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून न्यूरोलॉजिस्टना दाखवाच. नैराश्यावरची एसएसआरआय गटातली काही औषधं यावरही देतात.

माझ्या सासूबाईंना हाच त्रास होता. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, दिसले की त्यांना रडू आवरायचं नाही. भोवती बायका जमून 'काय झालं ओ काकू?' विचारायच्या, त्यानं ते आणखी वाढायचं. मग आम्ही नुसता हात धरायचो, संथ श्वास घ्यायला लावायचो, बसल्या असतील तर उभं करायचो आणि चालू बोलणं तसंच पुढे न्यायचो. घरी येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. लाजेपायी माणसं बाहेर पडणंच सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. उमाळा कधी येतो, किती वेळ राहतो, हे वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या.